नाण्यांवरील छापाची पारख

नाण्यांवरील छापाची पारख : धातूच्या चकतीवर नाणे पाडताना ठशातील चित्र व लेख त्या चकतीवर किती पूर्णपणे व किती रेखीव उतरले आहेत, याची परीक्षा. प्रस्तुत नोंदीत ‘ठसा’ हा शब्द ज्या कठीण धातूच्या साधनावर नाण्याचे चित्र उलटे व खोलगट कोरलेले असते त्या साधनासाठी, तर ‘छाप’ हा शब्द त्यापासून चकतीवर उमटलेल्या आकृतीसाठी योजिला आहे. जुन्या नाण्यांची प्रतवारी करताना झीज, पृष्ठभागाची स्थिती, रंग व मूळची झळाळी यांबरोबर छापाचाही विचार करावा लागतो; तथापि हा गुण इतरांहून एका बाबतीत निराळा आहे. झीज, ओरखडे, गंज किंवा सराफांनी मारलेल्या खुणा हे सर्व नाणे टाकसाळीबाहेर पडल्यानंतर घडते. छापाची प्रत मात्र घणाचा घाव बसला त्या क्षणीच ठरते व पुढे ती सुधारत नाही. म्हणूनच बाजारात एक दिवसही न फिरलेले नाणे अस्पष्ट असू शकते आणि पिढ्यान् पिढ्या हाताळलेल्या नाण्यावरही पूर्ण छापाची साक्ष शिल्लक असू शकते.

संग्राहकाच्या दृष्टीने हा किमतीचा प्रश्न असला, तरी इतिहासाच्या अभ्यासकासाठी तो पुराव्याचा प्रश्न आहे. नाण्यावर एखादे अक्षर, सनाचा आकडा किंवा टाकसाळीचे नाव दिसत नसेल, तर ते ठशावर कोरलेलेच नव्हते, कोरलेले असूनही चकतीवर उतरले नाही, की उतरल्यानंतर झिजून गेले, हे प्रथम ठरवावे लागते. या तिन्ही शक्यतांतून निघणारे निष्कर्ष अगदी भिन्न असतात. ‘दिसत नाही’ म्हणजे ‘नाही’ असे मानल्याने नाणकशास्त्रात अनेक गोंधळ माजले आहेत.

यंत्रे येण्यापूर्वी नाणी हाताने पाडीत. खालचा ठसा ऐरणीत किंवा लाकडी ठोकळ्यात पक्का बसविलेला असे, त्यावर वजन केलेली चकती ठेवून वरचा सुटा ठसा हाताने धरीत आणि त्यावर घणाचा घाव घालीत. अबुल फज्लने आईन-इ-अकबरीत अकबराच्या टाकसाळीतील कामगारांची वर्णी लावली आहे. तीत धातूचे गोल तुकडे कापणारा, ठसे कोरणारा, दोन ठशांमध्ये तुकडा ठेवणारा सिक्कची व घण मारणारा त्याचा साहाय्यक यांचा निरनिराळा उल्लेख येतो. दिल्लीचा मौलाना अली अहमद या ठसे कोरणाऱ्या कारागिराची त्याने नावानिशी प्रशंसा केली आहे. चकतीचे वजन व धातूचा कस यांवर टाकसाळीत कडक नजर असे, कारण राज्याची पत त्यांवर अवलंबून होती. छाप मध्यभागी यावा, यासाठी मात्र तितका आग्रह नसे. या मूळ वृत्तीची जाणीव ठेवल्याशिवाय भारतीय नाण्यांच्या छापाविषयी न्याय्य मत देता येत नाही.

छाप बिघडण्याची कारणे अनेक आहेत. घाव हलका पडला, तर धातू ठशाच्या खोल भागांत पूर्णपणे शिरत नाही व चित्राचा उंच भाग बोथट राहतो. वरचा ठसा तिरपा धरला गेल्यास नाण्याची एक बाजू ठसठशीत व विरुद्ध बाजू फिकी येते. चकती सरकली तर छाप एका कडेला जातो आणि दुसऱ्या कडेला कोरी चंद्रकोर राहते. एका घावाने काम भागले नाही म्हणून दुसरा घालताना चकती किंचित फिरली, की अक्षरे दुहेरी होतात. घण सोसणारा वरचा ठसा खालच्यापेक्षा लवकर निकामी होई व त्यामुळे वारंवार बदलावा लागे. परिणामी एकाच नाण्याची एक बाजू ताज्या ठशाची व दुसरी जीर्ण ठशाची असणे हे नेहमीचेच. क्वचित पाडलेले नाणे वरच्या ठशालाच चिकटून राही आणि ते लक्षात न येता पुढची चकती खाली सरकवली जाई. मग तिच्या एका बाजूवर ठशाऐवजी त्या नाण्याचीच उलटी, खोलगट प्रतिमा उमटे. अशी नाणी संग्राहक आवडीने जमवितात.

कमजोर छाप व झीज यांतील भेद ओळखणे हा या पारखीचा गाभा होय. झीज नेहमी उंच भागांपासून सुरू होते. राजाचा गाल, कानावरचे केस, सिंहाची मांडी हे भाग प्रथम सपाट होतात, गुळगुळीत होऊन चमकतात आणि त्यांचा रंग सभोवतालच्या खोलगट भागाहून वेगळा दिसतो. कमजोर छापातही हेच उंच भाग सपाट असतात, म्हणून घोटाळा होतो. पण तेथे सपाटीचा पोत निराळा असतो. ठशाचा स्पर्शच झाला नसल्यामुळे त्या ठिकाणी मूळ चकतीचा खडबडीतपणा, ठोकण्याच्या खुणा किंवा बारीक खळगे तसेच राहिलेले असतात. झिजलेल्या अक्षराच्या कडा वरून गोलावतात, त्याची बुंध्याजवळची रेषा मात्र बराच काळ टिकते. न उतरलेले अक्षर मुळातच पसरट उताराचे असते किंवा मध्येच विरून जाते. भिंगाखाली नाणे तिरप्या उजेडात हळूहळू फिरवून पाहिले, तर हा फरक डोळ्यांना सवयीने कळू लागतो.

याहून भरवशाची कसोटी म्हणजे नाण्याच्या दोन्ही बाजू एकत्र पाहणे. झीज एका बाजूवर कोठे झाली याचा दुसऱ्या बाजूशी नेमका संबंध नसतो. छापाचा दोष मात्र बहुधा आरपार असतो. दर्शनी बाजूवर ज्या जागी अक्षरे फिकी आहेत, बरोबर तिच्या पाठीमागील जागाही फिकी असेल, तर तेथे चकती पातळ होती किंवा ठसा कलला होता, असे समजावे. दोन्ही ठशांवर समोरासमोर खोल कोरीव काम असल्यासही दोहोंना पुरेल इतका धातू त्या जागी नसतो व दोन्हीकडील उठाव अपुरा राहतो. जीर्ण ठशाची लक्षणे आणखी वेगळी आहेत. त्याच्या छापातील अक्षरे जाड, फुगीर व कडेला फाटल्यासारखी दिसतात, मोकळ्या जागेत मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेषा उमटतात आणि ठशाला तडा गेला असल्यास नाण्यावर उंच, वेडीवाकडी शीर येते. ही शीर म्हणजे नाण्याला पडलेली भेग नव्हे. भेग खोल असते, शीर उंचावलेली असते.

या भेदाचे महत्त्व निधींच्या अभ्यासात विशेष जाणवते. जमिनीत पुरलेल्या निधीतील सर्वांत कमी झिजलेली नाणी ही पुरण्याच्या वेळेला सर्वांत जवळची, असे सामान्यतः धरतात आणि त्यावरून राजांचा क्रम व निधीचा काळ अनुमानितात. ज्या टाकसाळीचे काम मुळातच ढिले होते, तिची ताजी नाणी ‘झिजलेली’ म्हणून नोंदविली गेली, तर हा क्रम उलटा लागू शकतो. जुन्या निधींच्या याद्यांमध्ये ‘खराब’, ‘पुसट’ अशी एकशब्दी वर्णने पुष्कळ आढळतात. ती वाचून पुसटपणाचे कारण समजत नाही, आणि नाणी विखुरली गेली असल्यास ते पुन्हा तपासताही येत नाही.

पश्चिमी क्षत्रपांची चांदीची नाणी हे याचे उत्तम उदाहरण आहे. ही नाणी लहान असून त्यांच्या दर्शनी बाजूवर राजाचे मस्तक व मागील बाजूवर राजाचे आणि त्याच्या पित्याचे नाव बिरुदांसह ब्राह्मी लिपीत असते. इ. स. च्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून मस्तकाच्या मागे शक संवताचा आकडा घालण्याची प्रथा पडली व त्यामुळे या घराण्याचा कालक्रम प्राचीन भारतातील इतर बहुतेक घराण्यांपेक्षा अधिक निश्चितपणे ठरविता आला. परंतु हा आकडा अगदी कडेला असतो. छाप थोडा सरकला की एकक स्थानचे चिन्ह चकतीबाहेर राहते. मग शंभर, साठ व आणखी काही अशी रचना असलेले वर्ष केवळ एकशे साठ असे वाचले जाते. मागील बाजूवरील लेखातही हाच धोका आहे. ‘क्षत्रप’ व ‘महाक्षत्रप’ या पदव्यांमधील अंतर दोन अक्षरांचे असले, तरी त्यावर एखादा राजपुत्र दुय्यम अधिकारी होता की सार्वभौम, हे ठरते. ही दोन अक्षरे जेथे असावयास हवीत ती जागा चकतीवर आलेली असून कोरी आहे, की ती जागाच चकतीवर नाही, हे पाहिल्यावाचून कोणत्याही राजाची पदावनती जाहीर करू नये.

याच घराण्यांच्या परिसरातील जोगळटेंभीचा निधी छापाच्या दोषाकडे वेगळ्या दृष्टीने पाहावयास शिकवितो. नासिकजवळ १९०६ मध्ये सापडलेल्या या निधीत क्षहरात क्षत्रप नहपान याची १३,००० हून अधिक चांदीची नाणी होती. रेव्हरंड एच. आर्. स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास १९०८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला छाप पुन्हा मारला होता : एका बाजूस तीन कमानींचा पर्वत व राजाचे नाव, तर दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. नाणी न वितळविता जुन्याच चकत्यांवर नवा ठसा मारल्यामुळे सातवाहन चिन्हांच्या खालून नहपानाचे नाक, हनुवटी किंवा ग्रीक अक्षरांचे अवशेष डोकावतात. यांत्रिक नाण्यांच्या मोजपट्टीने ही नाणी निकृष्ट ठरतील. पण सातवाहनांच्या कारागिरांनी जुना छाप पूर्णपणे बुजविण्याइतके जोरदार घाव घातले असते, तर नहपानाच्या पराभवाचा इतका बोलका पुरावा आपल्या हाती आला नसता. अशा नाण्याची प्रत ठरविताना वरचा व खालचा असे दोन छाप स्वतंत्रपणे तपासावे लागतात, आणि दोन्ही ओळखता येतील असे नाणेच अभ्यासकाच्या दृष्टीने श्रेष्ठ होय.

त्याहून प्राचीन आहत नाण्यांना तर ‘छाप’ हा शब्द एकवचनी लावताच येत नाही. त्यांवरील पाच चिन्हे पाच निरनिराळ्या छोट्या ठशांनी एकेक करून उमटविलेली असतात. एखादे चिन्ह ठळक, एखादे दुसऱ्यावर चढलेले, एखादे निम्मे कडेबाहेर असते. म्हणून प्रत्येक चिन्हाची नोंद वेगळी करणे इष्ट.

गुप्त सम्राटांच्या सुवर्णनाण्यांचे कोरीव काम अप्रतिम असले, तरी त्यांच्या कडेने फिरणारे छंदोबद्ध लेख एका नाण्यावर अखंड मिळणे विरळा. सोने मऊ असल्याने चित्राचा उठाव सुरेख येतो. पण ठसा चकतीपेक्षा मोठा किंवा सरकलेला असल्याने लेखाचा एखादा चरणच हरवतो. हे लेख विद्वानांनी अनेक नाण्यांवरील तुकडे एकमेकांना जोडून सिद्ध केले आहेत. जॉन ॲलन यांची ब्रिटिश म्यूझीयममधील गुप्त नाण्यांची सूची (१९१४) आणि भरतपूर संस्थानातील बयाना येथे १९४६ मध्ये सापडलेल्या निधीची अनंत सदाशिव अळतेकर यांनी तयार केलेली सूची (१९५४) या दोहोंत या कष्टांची कल्पना येते. बयाना निधीतील १,८२१ नाणी अळतेकरांना पाहावयास मिळाली. त्यांतील केवळ देखणी तेवढी निवडून बाकीची दूर सारली असती, तर एका नाण्यावर कापले गेलेले अक्षर दुसऱ्या कुरूप नाण्यावर शोधण्याची सोयच उरली नसती.

उत्तर मोगल काळातील रुपयाचे ठसे चकतीपेक्षा बरेच रुंद असत. त्यामुळे प्रत्येक रुपयावर ठशाचा काही भागच येई, आणि तोही दर वेळी निराळा. टाकसाळीचे नाव मागील बाजूवरील लेखाच्या तळच्या ओळीत असल्याने पुष्कळदा तेच कापले जाई. नजराण्यासाठी मुद्दाम रुंद व पातळ चकतीवर पाडलेल्या नाण्यांत मात्र संपूर्ण ठसा वेलबुट्टीच्या किनारीसह दिसतो. ही नाणी प्रमाण धरून बाजारातील रुपयांना कमी लेखणे योग्य नव्हे. टाकसाळीचे नाव नसता रुपया कोठला हे ओळखण्यास लहान चिन्हे उपयोगी पडतात. मराठी मुलखातील अंकुशी रुपयाला तर त्यावरील अंकुशाच्या चिन्हावरूनच नाव मिळाले. अशा रुपयाच्या बाबतीत बाकी लेख कसाही उतरलेला असो, अंकुश पूर्ण आला आहे की नाही याला अधिक वजन द्यावे लागते.

शिवराईचा प्रश्न मराठी वाचकांच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. दर्शनी बाजूस ‘श्री / राजा / शिव’ व मागील बाजूस ‘छत्र / पति’ असा लेख आणि भोवती ठिपक्यांचे वर्तुळ, अशी या तांब्याच्या नाण्याची घडण आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत या घडणीची नाणी निघत राहिली. पेशवाईत खाजगी इसमांना परवाने देऊन टाकसाळी चालविण्यास दिल्या जात, त्यामुळे ठसे कोरणारे हात असंख्य होते. अक्षरांची वळणे व शुद्धलेखनातील भेद यांवरून शिवरायांचे प्रकार पाडण्याचा अभ्यासकांचा प्रघात आहे. येथे छापाची पारख न करता वाचन केले, तर मोठी फसगत होते. ‘पति’ मधील ऱ्हस्व वेलांटीचा दंड त च्या डावीकडे, तर ‘पती’ मधील दीर्घ वेलांटीचा दंड उजवीकडे, म्हणजे नेमका चकतीच्या कडेला येतो. उजवी कड कापली गेलेल्या नाण्यावर ‘पत’ एवढेच उरते व तो कोरणाऱ्याच्या अज्ञानाचा नमुना म्हणून नवा प्रकार मानला जातो. कडेला ठिपक्यांच्या वर्तुळाचा अंश दिसत असेल, तरच त्या बाजूचा लेख पूर्ण आहे असे म्हणता येईल. शिवराईपुरती ही सोपी व खात्रीची कसोटी आहे. तांबे जमिनीत लवकर गंजते, तेव्हा गंजाने खाल्लेली जागा व न उतरलेली जागा यांचाही घोळ होतो. गंजाचे खड्डे अनियमित व धारदार कडांचे असतात.

यंत्रांमुळे हे सर्व चित्र बदलले. कोलकात्याची नवी टाकसाळ १८२९ मध्ये सुरू झाली. मुंबईची टाकसाळ मेजर जॉन हॉकिन्स यांच्या देखरेखीखाली १८२४–३० या काळात उभी राहिली व तेथे वाफेच्या शक्तीवर नाणी पडू लागली. शाह आलमच्या राजवटीचे ४६ वे वर्ष गोठवून कंपनीने चालविलेला सुरती रुपया हाती पाडलेला व यंत्रावर पाडलेला, असा दोन्ही प्रकारचा मिळतो. ते शेजारी ठेवून पाहिल्यास, पहिल्यावर ज्या फार्सी लेखाचा एखादा तुकडाच सापडे, तो दुसऱ्यावर अखंड व मध्यभागी आलेला दिसतो. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन (सु. ११·६६ ग्रॅ.) वजनाचा एकच रुपया कंपनीच्या मुलखात लागू झाला, आणि त्यानंतरच्या नाण्यांत चकती सरकणे हा नित्याचा प्रकार न राहता अपवाद ठरला. यंत्राच्या कड्यात धरलेल्या चकतीला बाहेर पसरण्यास वाव नसतो. तरीही दाब कमी पडणे, ठशांमधील अंतर चुकणे व जीर्ण ठसे वापरात ठेवणे हे दोष राहिलेच. ठशाच्या मूळ कोरणीतील उणीव व छापाची उणीव यांत तेथेही विवेक करावा लागतो. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो म्हणून लोकांत नाराजी पसरली व पुढील वर्षी ठसा बदलण्यात आला. तेथे छाप निर्दोष होता. चुकला तो कोरणारा.

अमेरिकेत या विषयाचा सर्वांत बारकाईने विचार झाला, कारण तेथील नाणी यांत्रिक असून एकाच वर्षाची, एकाच घडणीची असंख्य नमुने तुलनेस उपलब्ध असतात. न्यू ऑर्लीअन्सच्या टाकसाळीतील बऱ्याच मॉर्गन डॉलरांवर स्वातंत्र्यदेवतेच्या कानावरचे केस व मागील बाजूवरील गरुडाची छाती सपाट आढळते. ती नाणी कोरी करकरीत असली, तरी नवख्याला झिजलेली वाटतात. १९२१ चा ‘पीस’ डॉलर इतक्या उंच उठावाचा होता, की मध्यभागी धातू पुरेसा चढेना. १९२२ मध्ये उठाव कमी करावा लागला. १९४८–६३ मधील फ्रँक्लिन अर्धा डॉलर या नाण्यावरील घंटेच्या तळच्या रेषा अखंड उतरल्या असतील, तर संग्राहक त्याला कित्येक पट अधिक किंमत देतात. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या सेंट नाण्यांसाठी सुचविलेली सत्तर अंकांची श्रेणी पुढे सर्व अमेरिकन नाण्यांना लागू झाली व आता ती जगभर वापरली जाते.

ही श्रेणी जशीच्या तशी हाती पाडलेल्या नाण्यांना लावणे मात्र अन्यायाचे आहे. एकाच अंकात झीज व छाप दोन्ही कोंबल्यास कशाची उणीव आहे हे कळतच नाही. प्राचीन नाण्यांची प्रतवारी करणाऱ्या काही संस्था अलीकडे झिजेची श्रेणी, छाप व पृष्ठभाग यांचे गुण वेगवेगळे देतात. ही पद्धत अधिक शास्त्रशुद्ध होय. शिवाय छापाचे गुण त्या त्या टाकसाळीच्या सरासरी कामाशी ताडून दिले पाहिजेत. अथेन्सच्या घुबडछाप नाण्यांवर अथीना देवतेच्या शिरस्त्राणाचा तुरा बहुधा कापला जातो. तो पूर्ण असणे ही तेथे असाधारण गोष्ट आहे, तर १८३५ च्या रुपयावर राजाचे संपूर्ण मस्तक असणे हा केवळ अपेक्षित किमान गुण आहे.

छापाला आलेल्या किमतीमुळे काही अनिष्ट प्रकार वाढीस लागले आहेत. अस्पष्ट अक्षरे सुईसारख्या हत्याराने पुन्हा कोरून ठळक करणे, आम्लाने घासून उजळ करणे, यांमुळे नाण्याचा पुरावा म्हणून असलेला उपयोग संपतो. कोरलेल्या अक्षराभोवतीची जमीन थोडी खणली गेलेली असते, ती भिंगातून ओळखता येते. बनावट नाण्यांच्या बाबतीत तर छाप हाच मुख्य साक्षीदार ठरतो. साच्यात ओतलेल्या नकलेच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खळगे राहतात, कडेला सांध्याची रेषा असते आणि अक्षरांना घावाने येणारी धार नसते. नवे ठसे करून पाडलेली नक्कल याहून फसवी. दुर्मिळ नाण्याचा संपूर्ण ठसा, किनारीच्या शेवटच्या ठिपक्यापर्यंत, अगदी मध्यभागी आलेला दिसला, की खरेदीदार हुरळतो. परीक्षकाने त्याच वेळी सावध व्हावे. त्याच प्रकारची दोन नाणी मिळाल्यास ती एकमेकांशेजारी ठेवावीत. एकाच ठशाच्या दोन अस्सल नाण्यांत अक्षरांची वळणे तंतोतंत जुळतात, पण चकतीचा आकार, कडेच्या चिरा, छापाचा कल व तो किती सरकला आहे, यांत फरक असतोच, कारण हाताचा घाव दोनदा सारखा पडत नाही. या सर्व गोष्टीही हुबेहूब जुळत असतील, तर दोहोंपैकी निदान एक नाणे साच्यातून निघाले आहे, असे निश्चित समजावे.